हातमोज्यांचं कपाट

चारुदत्त रायपूरला परत आला तेव्हा निरंजनला मनापासून आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की हा माणूस जन्माचाच जळका. तसं नव्हतं.

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भोपाळच्या कचेऱ्यांतल्या फायलींबरोबर माणसांचीही वाटणी झाली. रायपूर टळावं म्हणून पुष्कळांनी देव पाण्यात घातले. चारुदत्तनं मात्र ते स्वतःहून मागून घेतलं. त्याची बायको मीरा भोपाळलाच वारली होती, मूलबाळ नव्हतं, आणि पुरानी बस्तीतलं वडिलांचं घर कुलूप लावून पडलं होतं. निरंजन राहायचा ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे तोंडातलं पान रंगायच्या आत चालत पोचता येईल इतक्या अंतरावर. लहानपणी दोघं एका बाकावर बसलेले, बूढा तालाबात एकत्र बुचकळ्या मारलेले. असा मित्र चाळिशी उलटल्यावर परत मिळणं म्हणजे भाग्यच.

दोघांना वेडही एकच, जुन्या गाड्यांचं. निरंजनच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली वडिलांची, श्यामरावांची, फियाट उभी होती. श्यामराव गेल्यापासून तिची चाकं काढलेली, खाली विटा. दर रविवारी निरंजन तिचा एखादा भाग काढायचा आणि पॉलिश पेपरनं गंज घासत बसायचा. जलसंसाधन खात्यात तो मानचित्रकार होता. कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढणं हे त्याचं काम. हात नेटका, रेघ सरळ, आणि स्वभाव असा की आपल्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागलेला खपत नसे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याच्या बायकोनं, शर्मिष्ठानं, फियाटचा आरसा ओल्या फडक्यानं पुसायला घेतला होता. "राहू दे, चरे पडतील," तो म्हणाला. तिनं राहू दिलं. पुढं वीस वर्षं राहू दिलं.

चारुदत्तच्या सामानाच्या ट्रकमधून एक गंजलेली स्टँडर्ड हेराल्ड उतरली, आणि तिच्यामागून एक निळी लोखंडी पेटी. चार पायांवर उभी, कमरेच्या वर येईल एवढी, वरच्या तिरक्या अंगाला काच. पुढच्या बाजूला दोन गोल भोकं, आणि त्यांतून आत लोंबणारे काळ्या रबराचे लांबलचक हातमोजे.

"हे काय आणलं बे?" निरंजननं विचारलं.

"सँडब्लास्टिंगची पेटी. एक कारखाना बंद पडला, त्याच्या लिलावात भेटली." चारुदत्तनं तिच्यावर अशी थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. "तू जो गंज आठ दिवस घासत बसतो न, तो इथं चहा निवेपर्यंत साफ."

निरंजन हसला खरा. पण घरी आल्यावर त्यानं फियाटच्या बंपरची कडी हातात घेतली, आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडं पाहिलं, आणि त्याला ती कडी एकदम जड वाटली. सुरुवात इथं झाली म्हणायची. पण एवढ्यावर ती थांबलीही असती. यंत्राचा हेवा माणूस पचवतो.

पोळ्याच्या दिवशी निरंजनच्या आईनं, इंदूबाईंनी, पुरणपोळ्या बांधून दिल्या. "एकटा आहे पोट्टा. तुम्ही दोघं जाऊन द्या." निरंजन आणि शर्मिष्ठा डबा घेऊन गेले. चारुदत्त मागच्या शेडमध्ये होता. कॉम्प्रेसर धडधडत होता, पेटीतला दिवा लागलेला होता, आणि तो कोपरापर्यंत हात आत घालून हेराल्डच्या दाराची बिजागरी साफ करत होता. पायाखालचं पेडल दाबलं की हवेच्या जोरानं भुऱ्या रंगाचे बारीक, कठीण दाणे फुसकन सुटत आणि गंजावर आदळत. काचेतून पाहणाऱ्याला वाटावं की कोणी अदृश्य हात लोखंडावरून अंधार पुसत चालला आहे.

शर्मिष्ठा काचेला नाक लावून पाहू लागली. ती शाळेत गणित शिकवायची. यंत्रांशी तिचा संबंध मिक्सरपुरता. पण ती हलेचना.

"करून पाहता का वहिनी?" चारुदत्तनं हात बाहेर काढले. "घाला हात. काही होत नाही."

"मी? अहो, मले काय जमते! बिघडलं तर?"

"बिघडलं तर माही बिजागरी बिघडेल. करा तुम्ही."

तिनं बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि हात आत घातले. पेडल दाबताच दचकली, मग हसली, मग हसू थांबलं आणि तिचा चेहरा असा एकाग्र झाला, जसा निरंजननं तिच्या लग्नाआधीच्या फोटोत एकदाच पाहिला होता. बिजागरी पुरी झाली तशी तिनं ती दिव्याखाली उलटसुलट फिरवली. राखाडी, कोरं, मऊ दिसणारं लोखंड.

"अगं बाई! हे खालून असं असते?"

"असंच असते," चारुदत्त म्हणाला. "आपण वरचंच पाहतो."

पुरणपोळ्या त्या दिवशी गारच खाल्ल्या गेल्या. परतताना शर्मिष्ठा वाटभर बोलत होती आणि निरंजन रिकामा डबा हलवत दोन पावलं पुढं चालत होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ते मोजे. चारुदत्तनं हात काढले आणि तिनं घातले, त्याच उबेत. मोजे आतून घामानं ओले असणार. त्या ओलीत आपल्या बायकोची बोटं. विचार घाण होता हे त्याला कळत होतं, पण तो कुसळासारखा जिभेला टोचत राहिला.

मग रविवार दुपारी ती जाऊ लागली. लपूनछपून नाही, सासूला सांगून, "चारुदत्तभाऊंकडे जाते, ब्रेकचे ड्रम करायचे आहेत," असं उजळ माथ्यानं सांगून. परत यायची ती केसांवर बारीक करडी धूळ घेऊन आणि तोंडात नवे शब्द घेऊन.

"पत्रा पातळ असला की नळी जवळ नाही धरायची. तापून वाकडा होते."

"कोण म्हणालं?"

"चारुदत्तभाऊ."

किंवा जेवताना मध्येच, "तुम्हाला माहीत आहे, पितळेच्या वस्तूला हे दाणे नाही चालत. काचेचे बारीक मणी लागतात."

निरंजनला ते माहीत होतं. ह्या सगळ्या गोष्टी त्यानं मासिकांतून वाचलेल्या होत्या, कित्येक वर्षं आधी. पण तिनं त्याला कधी विचारल्या नव्हत्या, आणि तो कधी बोलला नव्हता. आता बोलायला गेला असता तर ते चारुदत्तच्या मागून बोलल्यासारखं झालं असतं. तो वरणात भात कालवत राहायचा.

ती गेली की त्याचं फियाटपाशी लक्ष लागेना. पॉलिश पेपर हातात धरून तो फाटकाकडं बघत बसे. आता ती पोचली असेल. आता चहा झाला असेल. चारुदत्त चहात आलं जास्त घालतो, तिला आलं आवडतं, आपल्या घरी आईला खोकल्याचं निमित्त सोडलं तर आलं चालत नाही. एका रविवारी त्याला राहवेना. काहीतरी पाना मागायच्या मिषानं तो पुरानी बस्तीत गेला आणि शेडच्या दाराशीच थबकला. शर्मिष्ठा पेटीशी पाठमोरी उभी होती. चारुदत्त बाजूच्या पिंपावर बसून हेराल्डचा पंखा पुसत होता. दोघं बोलत नव्हते. कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलता येण्यासारखं नव्हतंच. पण त्या न बोलण्यात इतकी सवय होती, इतका निवांतपणा होता, की निरंजनला आत पाऊल टाकवेना. हसत-खिदळत सापडले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

तो पाना न मागताच परतला. संध्याकाळी ती आल्यावर मात्र तोंडातून निघून गेलं, "हेराल्डवाल्यांची मालकीण व्हायचा विचार आहे काय?"

शर्मिष्ठा पाय धूत होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"दर रविवारी दुसऱ्याची गाडी घासायला जातेस म्हणून म्हटलं."

"तुमच्या गाडीला हात लावू देता काय कधी?" ती शांतपणे म्हणाली. "मले ते काम आवडते. मी जाईन. तुम्ही मनात काय घेऊन बसले ते तुमचं तुम्ही पाहा."

आणि ती पुढच्या रविवारी गेली.

निरंजननं ठरवलं की आपली पेटी करायची. विकत आणायची नाही, करायची. चारुदत्तनं लिलावात तयार उचलली. आपण रेघ-रेघ आखून बनवू, आणि त्याच्यापेक्षा मोठी बनवू. मग कोणाला कुठं जायची गरज उरणार नाही. आधी त्यानं जुन्या फ्रिजचा विचार केला. पण फ्रिजच्या आतलं प्लास्टिक दाण्यांच्या माऱ्यानं सोलून निघेल. डिझेलचं पिंप पाहिलं. ते गोल, आत वस्तू घरंगळते आणि काच बसवायला सपाट अंग नाही. शेवटी त्याची नजर मागच्या खोलीतल्या श्यामरावांच्या लोखंडी कपाटावर गेली. जाड पत्रा, घट्ट दार. आईनं कुरकुर केली, "अरे, त्यात माह्या गोधड्या आहेत." गोधड्या पलंगाखाली गेल्या.

महिनाभर त्यानं कचेरीत बसल्यासारखे नकाशे काढले. कपाट लोखंडी स्टँडवर आडवं करून खाली घसरगुंडीसारखा तिरका पत्रा, म्हणजे पडलेले दाणे पुन्हा एका जागी जमतील. वर काच, काचेच्या कडेनं रबर, आत ट्यूबलाइट. धूळ ओढून घ्यायला एका साहेबाच्या घरून निघालेला जुना व्हॅक्यूम क्लीनर. सुटीच्या दिवशी तो ट्रकांच्या रांगांतून स्कूटर काढत भनपुरीच्या कारखान्यांच्या वस्तीत जायचा. वेल्डिंग तिथंच करवून घेतलं, बॅटरीच्या कारखान्यात वापरतात ते लांब मोजे तिथंच मिळाले, आणि एक जुना कॉम्प्रेसरही. भिलाईला इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी स्नेहल सुटीवर आली होती, ती अंगणातलं ते धूड पाहून म्हणाली, "पापा, ये इतना बड़ा क्यों बना रहे हो? पूरी गाड़ी अंदर डालोगे क्या?"

"मोठं असलेलं बरं असते," निरंजन म्हणाला. कशापेक्षा मोठं, ते बोलला नाही.

चारुदत्त एकदा येऊन पाहून गेला. वाकून खालचा तिरका पत्रा पाहिला, मान डोलावली. "दाराची बाजू चांगली केली. माह्या पेटीत लांब वस्तू जात नाही. पण कॉम्प्रेसर लहान पडेल बे. एवढ्या पेटीला हवा नाही पुरणार. आणि आत काय घालशील?"

"खारूनची रेती. वाळवून, चाळून."

"नदीची रेती नको." चारुदत्त एकदम गंभीर झाला. "फुटून तिची पीठासारखी धूळ होते. छातीत बसली की निघत नाही. ज्या कारखान्यातून मी पेटी आणली, तिथंही जुन्या माणसांच्या छात्या गेल्या होत्या. माह्याकडे दाणे आहेत पोतंभर, घेऊन जा."

"पाहू," निरंजन म्हणाला. मनात म्हणाला, आपल्यावर उपकार ठेवायचे आहेत याला. वहिनींना सांगता येईल, तुमच्या नवऱ्याला दाणेही मीच दिले.

पेटी उभी राहिली तो उन्हाळा लागला होता. निरंजननं दसऱ्याला गाडीला घालतात तसा हार कपाटाला घातला, आणि शर्मिष्ठाला बोलावलं. "घाल हात."

ती आली. पदर खोचला, बांगड्या सरकवल्या, आणि थांबली. भोकं तिच्या खांद्याच्याही वर होती. टाचा उंचावून तिनं हात घातले तर डोळे काचेपर्यंत पोचेनात.

निरंजननं धावत जाऊन देवघरातला पाट आणला. ती पाटावर चढली. पेडल जमिनीवर राहिलं.

"कोणाच्या मापानं केलं हे?" तिनं विचारलं.

 माप त्यानं स्वतःचं घेतलं होतं. इतके नकाशे काढले, खांद्याची रुंदी, कोपराचा कोन, सगळं आखलं, आणि जिच्यासाठी म्हणून काढले तिची उंची विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. शर्मिष्ठा पाटावरून उतरली. रागावली नाही. "करा तुम्ही. मी पाहते," म्हणाली आणि थोडा वेळ खरोखर पाहत उभी राहिली.

पण एक झालं. पुढच्या रविवारी ती चारुदत्तकडे गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निरंजननं काही विचारलं नाही. जिंकलेला माणूस कारण विचारत नाही. कपाटाकडं बघून तो मनाशी म्हणाला, मोठं असलेलं बरंच असतं.

काम मात्र बरं चालेना. कॉम्प्रेसर दम खात खात चाले. थोडं साफ केलं की हवा संपे आणि टाकी भरेपर्यंत वाट पाहावी लागे. रेती नळीत अडके. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी भरून फुटली ती त्यानं तशीच ठेवली. दाराच्या फटीतून पांढरा धूर निघून पेरूच्या पानांवर, तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर बसू लागला. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून सांगितलं, "निरंजन, माहे पापड पाहा, पीठ लावल्यावाणी झाले." तो तोंडाला रुमाल बांधून घासत राहिला. त्या उन्हाळ्यात त्याचं अर्धं बोनेट आणि एक बंपर झाला, आणि एवढ्यावर तो खूश होता.

इंदूबाईंचा खोकला आधीपासून होता, म्हणून पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या दुपारी ओसरीवर आडव्या होत, हवा येते म्हणून. अंगणातली सगळी धूळ त्याच हवेवर बसून यायची. एका दुपारी शर्मिष्ठा शाळेतून आली तर सासू उठून बसलेली, दोन्ही हात मांडीवर टेकून, तोंडानं श्वास ओढतेय आणि बोलता येत नाही. अंगणात कपाट धडधडत होतं. त्या आवाजात निरंजनला काही ऐकूच गेलं नव्हतं.

तिनं जाऊन बटण बंद केलं. "आईकडे पाहा," एवढंच म्हणाली.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. वाफ दिली, सुई दिली, संध्याकाळपर्यंत श्वास खाली बसला. डॉक्टर तरुण होते. विचारलं, "घर में कंस्ट्रक्शन चल रहा है क्या? पत्थर-वत्थर की धूल?" निरंजन जमिनीकडं पाहत राहिला. शर्मिष्ठानं सगळं सांगितलं, रेतीसकट. डॉक्टरांनी बोलणं थांबवून निरंजनचीही छाती तपासली आणि म्हणाले, वेळेवर थांबलात, माताजींची पुन्हा त्या धुळीशी गाठ पडू देऊ नका, आणि स्वतःही मरायचं नसेल तर तो प्रकार बंद करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्मिष्ठानं रेती ओली करून पोत्यांत भरली, म्हणजे उडणार नाही. निरंजन मदतीला आला तर पोत्याचं तोंड धरू दिलं. अंगण धुतलं, तुळस धुतली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "ह्या कपाटाचं काय करायचं ते ठरवा. भंगारात द्यायचं तर आज द्या. ठेवायचं असेल तर चारुदत्तभाऊंकडे जा, दाणे आणा, आणि फटी कशा बुजवायच्या ते विचारून या. मी येणार नाही. तुम्ही जा."

पान रंगायच्या आत संपणारी ती वाट त्या दिवशी संपता संपेना. काय बोलायचं ते त्यानं जुळवून पाहिलं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी चारुदत्तचं समजूतदार हसू दिसून त्याला ते वाक्य मोडावंसं वाटलं. आईच्या बाबतीतली चूक त्याला कळली होती, रेतीची कळली होती. पण ती कबूल करायची होती ह्याच माणसाच्या दारात जाऊन.

शेडचं दार उघडं होतं. आत चारुदत्त पिंपावर वर्तमानपत्र वाचत बसलेला. निळ्या पेटीवर चादर टाकलेली होती आणि चादरीवर धूळ. हेराल्डचा पंखा अजून पिंपाशेजारी सुटाच पडलेला.

निरंजननं आईचं सांगितलं. चारुदत्त ताडकन उठला. "आता कशा आहेत काकू? मले फोन काहून नाही केला?" आणि हसला नाही, अजिबात हसला नाही. कोपऱ्यातून पोतं ओढून काढलं. फटीला कोणतं रबर लावायचं, धूळ ओढणारी नळी पिशवीऐवजी पाण्याच्या बादलीत कशी सोडायची, सगळं सांगितलं. निरंजन ऐकत होता, पण त्याची नजर राहून राहून चादरीकडं जात होती.

"तुह्यं काम बंद आहे काय?"

"हव," चारुदत्त म्हणाला. मग बराच वेळ पोत्याचं तोंड बांधत राहिला. गाठ बसली तरी बांधत राहिला. "एक सांगू? रागावशील."

"बोल."

"वहिनी यायच्या न, त्या दिवशी मी सकाळी उठून शेड झाडायचो. मीरा गेल्यापासून घर नाही झाडलं नीट, पण शेड झाडायचो. मग एका रविवारी पाहतो तं मी आरशापुढे उभा, भांग पाडून राहिलो. गंज काढायला आरसा कशाले लागते बे?" त्यानं मान वर केली. "काही बोललो नाही मी. कधी काही वाकडं वागलो नाही. पण तू आला आहेस आणि माह्याकडून दाणे नेऊन राहिला, तं हे तुले माहीत नसावं, हे बरं नाही वाटत."

निरंजनला वाटलं आता आपण उठू, काहीतरी फेकू. त्यासाठी त्यानं किती रविवार तयारी केली होती! पण अंगात आली ती भलतीच गोष्ट. सुटकाच म्हणायची. म्हणजे आपण वेडे नव्हतो. जे दिसत नव्हतं ते होतं. आणि त्या सुटकेच्या पाठोपाठ, पायऱ्यांवरून पाणी उतरावं तशी, भीती उतरली. चारुदत्त चांगला माणूस होता. आपल्याहून चांगला. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"चहा घेशील?" चारुदत्तनं विचारलं.

"घेतो," निरंजन म्हणाला. आलं घातलेला चहा त्यानं पुरा प्याला.

घरी आल्यावर त्यानं ठरवलं होतं की हे शर्मिष्ठाला सांगायचं नाही. पोतं ओसरीवर ठेवलं. ती आईला औषध देऊन बाहेर आली.

"दिले दाणे?"

"दिले."

"आणखी काही बोलले?"

"नाही. काय बोलणार?"

ती त्याच्याकडं पाहत राहिली. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडं पाहत असेल तशी. "माहीत आहे मले," ती म्हणाली. "एका रविवारी गेली तं स्टुलावर नवीन फडकं अंथरलेलं. कपबशा नवीन. आणि भाऊंच्या अंगावर इस्त्रीचा सदरा. ग्रीसचं काम करायला इस्त्रीचा सदरा कोण घालते? त्यानंतर नाही गेली मी."

निरंजनच्या तोंडून निघून गेलं, "मले वाटलं, आपली पेटी झाली म्हणून तू..."

"ह्या पेटीसाठी?" शर्मिष्ठाला हसू फुटलं, आणि ते आवरता आवरेना, आई आतून "काय झालं?" विचारू लागली. "पाटावर उभी राहून?"

तोही हसला, पण चेहरा गरम झाला होता. हसणं ओसरल्यावर ती गंभीरपणे म्हणाली, "मले तिथं जायला आवडत होतं हे खोटं नाही. ती पेटी आवडत होती. आणि कोणी 'करा तुम्ही' म्हणून बाजूला बसते, तेही आवडत होतं. त्याच्या पुढं काही नव्हतं माह्या मनात. तुम्ही विचारलं असतं तं सांगितलं असतं. तुम्ही टोमणा मारला."

 पुढच्या रविवारी त्यानं कपाटाच्या स्टँडचे पाय कापून आणले, तिची उंची मोजून. आता वाकावं लागायचं ते त्याला. फटींना रबर बसलं, नळी बादलीत गेली, पेटी भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत हलली, आणि तीही इंदूबाई देवळात गेल्या असतील तेव्हाच चालू लागली. फियाटच्या हेडलाइटची रिंग त्यानं शर्मिष्ठाच्या हातात दिली. देताना "जपून" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

पावसाळा संपता संपता चारुदत्तनं जगदलपूरला बदली मागून घेतली. लोकांना नवल वाटलं. राजधानी सोडून कोणी बस्तरला जातं का? निरंजननं ट्रकवर निळी पेटी चढवायला हात लावला, हेराल्डला दोर बांधला. ट्रक वळला तेव्हा त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली. शर्मिष्ठानं प्रवासासाठी दशम्या दिल्या होत्या. त्या किती बांधल्या होत्या ते त्यानं पाहिलं होतं, हे कशाला लपवा?

दिवाळीत फोन आला. चारुदत्तनं काकूंची तब्येत विचारली, फियाटचं विचारलं, मग म्हणाला, "वहिनी आहेत काय? दे जरा."

निरंजननं फोन दिला. बाहेर जायला हवं होतं, तो तिथंच टेबलावरचं कॅलेंडर सरळ करत उभा राहिला. शर्मिष्ठा बरंच ऐकत होती आणि मध्येमध्ये "किती ओले?" "नळी बदलली काय?" असं विचारत होती. फोन ठेवला तसा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणे?"

"तिकडं हवेत ओल फार. दाणे चिकटून बसतात म्हणे. काय करू, विचारत होते."

"मग?"

"मी म्हटलं, कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी गाळणारी बाटली लावा आणि दाणे उन्हात वाळवून घ्या." ती फराळाचं ताट घेऊन आत वळली.

निरंजन फोनपाशी उभाच राहिला. पाणी गाळणारी बाटली. हे त्यालाही माहीत होतं, मासिकात होतं, चित्रासकट. त्याला विचारलं असतं तर त्यानं बाटली कुठं बसवायची तेही काढून दाखवलं असतं. पण चारुदत्तनं विचारलं होतं तिला.

"अहो," आतून हाक आली, "आई देवळात गेल्या. येता काय? फियाटचं ग्रिल साफ करायला घ्यायचं आहे आज."

"आलो," तो म्हणाला, आणि गेला.